मध्यकर्णशोथ आणि प्रतिजैविके : औषधाचा गुण मोजण्याचा इतिहास

बालकाच्या कानाचा ठणका हा घरोघरी परिचित असलेला विकार आहे. सर्दीपडसे होऊन दोन-तीन दिवस लोटतात, आणि एखाद्या रात्री मूल एकाएकी किंचाळून उठते, कानाकडे हात नेते, अंगात ताप असतो. सकाळी कान फुटून उशीवर पिवळसर डाग पडलेला दिसतो, आणि मूल मात्र शांत झोपी गेलेले असते. कर्णपटलाच्या आतील चिमुकल्या पोकळीत, म्हणजे मध्यकर्णात, जंतूंचा शिरकाव होऊन पू साठतो, त्यामुळे हे सर्व घडते. या विकारावर प्रतिजैविकांचा उपयोग होतो काय, हा प्रश्न वरकरणी अगदी साधा आहे. तथापि १९५४ साली स्वीडनमध्ये त्याचे जे उत्तर मिळाले, त्याच्या जवळजवळ उलट उत्तर १९८१ साली नेदरलंड्समध्ये मिळाले. आणि २०११ साली अमेरिकेत व फिनलंडमध्ये जे हाती आले ते या दोहोंपासून निराळे होते. तिन्ही वेळचे संशोधक काळजीपूर्वक काम करणारे होते. मग उत्तरे भिन्न का यावीत? प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, प्रत्येक पिढीने औषधाचा गुण निराळ्या मापाने मोजला, आणि ती मापे कोणती हे ध्यानात घेतल्यावाचून या चिकित्सेचा इतिहास उलगडत नाही.

प्राचीनांस हा विकार ठाऊक होता, हे सांगण्यास फार विस्तार नको. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अठ्ठावीस कर्णरोग गणले आहेत आणि त्यांत कर्णशूल, कर्णस्राव, कर्णपाक व पूतिकर्ण ही नावे येतात. हिप्पोक्रेटीसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत, कानाच्या तीव्र वेदनेबरोबर ताप सतत राहिला तर रुग्णास वात होऊन मृत्यू येण्याचा धोका असतो, असा इशारा आहे. म्हणजे पू कानातच राहत नाही, तो जिवावर उठू शकतो, हे निरीक्षण फार जुने आहे. मात्र पू कोठून कोठे जातो याविषयी दीर्घकाळ गैरसमज होता. मेंदूतील दूषित द्रव कानावाटे बाहेर पडतो, अशी समजूत पुष्कळ काळ प्रचलित राहिली. १६८३ साली द्यूव्हर्ने या फ्रेंच शारीरज्ञाने कानातील स्राव कानातच उत्पन्न होतो असे प्रतिपादिले, आणि १७६१ साली मोर्गान्यीने शवविच्छेदनाच्या आधारे कारणपरंपरेची दिशाच उलटी केली : आधी कान पिकतो, मेंदूतील गळू मागाहून होते. या एका दुरुस्तीमुळे वाहता कान हा उपेक्षणीय विकार राहिला नाही. निदान तज्ज्ञांच्या दृष्टीने तरी राहिला नाही.

मध्यकर्णात जंतू पोहोचतात ते घशाच्या बाजूने. सोळाव्या शतकात एउस्ताकीने वर्णन केलेली आणि पुढे त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागलेली नलिका नासाग्रसनीपासून मध्यकर्णापर्यंत जाते. लहान मुलांत ती आखूड, अधिक आडवी व कमी ताठर असते. सर्दीत तिचे अस्तर सुजले की मध्यकर्णातील हवा शोषली जाऊन तेथे दाब कमी होतो, द्रव पाझरतो, आणि नाकाघशात एरवी निरुपद्रवीपणे वास्तव्य करणारे जंतू त्या द्रवात वाढू लागतात. आरंभ बहुधा विषाणूने होतो, पू जंतूंमुळे होतो. आणि काही मालिकांत पडदा टोचून काढलेल्या द्रवांपैकी एक-तृतीयांशाच्या आसपास नमुन्यांत जंतू मुळीच वाढले नाहीत, हेही येथेच सांगून ठेवले पाहिजे, कारण पुढील वादात त्याचे महत्त्व आहे.

हे जंतू कोणते, याचा शोध १८८० नंतरच्या दशकात लागू लागला. न्यूमोकॉकस हा जंतू १८८१ साली फ्रान्समध्ये पाश्चरने आणि अमेरिकेत स्टर्नबर्गने स्वतंत्रपणे वर्णिला. प्राग येथील कर्णरोगतज्ज्ञ झाउफाल याने १८८७ च्या सुमारास तीव्र मध्यकर्णशोथाच्या स्रावात जंतूंचा पद्धतशीर शोध घेतला, आणि न्यूमोकॉकस व स्ट्रेप्टोकॉकस हे प्रमुख अपराधी ठरले. लोहितज्वरानंतर येणारा, कर्णपटलाची वाताहत करणारा शोथ स्ट्रेप्टोकॉकसचा असे. तिसऱ्या जंतूची कथा अधिक चमत्कारिक आहे. १८९२ साली रिखार्ड फायफर याने इन्फ्लुएंझाच्या रुग्णांच्या थुंकीत एक सूक्ष्म दंडाकृती जंतू पाहिला आणि त्यालाच त्या रोगाचे कारण मानले. इन्फ्लुएंझा विषाणूमुळे होतो हे १९३३ साली सिद्ध झाले. फायफरचा तर्क चुकीचा ठरला, पण नाव राहिले. हीमोफिलस इन्फ्लुएंझी हा जंतू इन्फ्लुएंझा उत्पन्न करीत नाही. बालकांचे कान मात्र पिकवतो.

औषधे नव्हती त्या काळी चिकित्सा म्हणजे शस्त्र. फुगलेला पडदा सुईसारख्या पात्याने छेदून पुवाला वाट करून द्यावयाची. आणि पू कानामागील मॅस्टॉइड हाडाच्या, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पोकळ्यांत शिरला असेल तर ते हाड छिन्नीने फोडून साफ करावयाचे. ही दुसरी शस्त्रक्रिया १८७३ साली जर्मनीत हाले येथील श्वार्त्से याने शास्त्रशुद्ध पायावर उभी केली. त्यापूर्वी डब्लिनचे सर विल्यम वाइल्ड कानामागे छेद घेऊन पुवास वाट देत. कान वाहतो आहे तोवर शेवट काय होईल हे सांगता येत नाही, अशा आशयाचे त्यांचे मत होते. त्यांचा पुत्र, सुप्रसिद्ध नाटककार ऑस्कर वाइल्ड, १९०० साली पॅरिसमध्ये कानावरील शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांतच मस्तिष्कावरणाच्या शोथाने मरण पावला. योगायोगास इतिहासात फार महत्त्व देऊ नये, हे खरे. पण हा योगायोग विसरता येत नाही.

विकाराचा भार केवढा होता याची कल्पना एका आकड्यावरून येईल. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाच्या बालविभागात १९३२ साली दाखल झालेल्या रुग्णांपैकी २७ टक्के पूयुक्त मध्यकर्णशोथाचे होते. आज मोठ्या शहरातील बालरुग्णालयात मॅस्टॉइडच्या शस्त्रक्रियेसाठी येणारे मूल हे विद्यार्थ्यांस मुद्दाम बोलावून दाखवावे इतके विरळ झाले आहे. ज्या पिढीने प्रतिजैविके प्रथम हाताळली तिच्या डोळ्यांसमोर कानामागे खोल व्रण असलेली मुले होती. तिचे माप मृत्यू आणि मॅस्टॉइड हे होते, आणि ते तिने कोठूनही उसने आणलेले नव्हते.

१९२८ हे वर्ष या इतिहासात दोनदा येते. त्या वर्षी लंडनमध्ये फ्लेमिंगला पेनिसिलियम बुरशीभोवती स्टॅफिलोकॉकसची वाढ थांबलेली दिसली, ही कथा सर्वश्रुत आहे. तितकी सर्वश्रुत नसलेली गोष्ट ही की, १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधाच्या शीर्षकातच फायफरच्या जंतूचे नाव आहे. पेनिसिलिनने घशातील इतर जंतू दडपले जातात, हा जंतू मात्र तरतो. म्हणून तो वेगळा काढण्यास हे द्रव्य उपयोगी पडेल, असा त्याचा प्रस्ताव होता. कान पिकवणाऱ्या दोन प्रमुख जंतूंपैकी एकावर पेनिसिलिन दुबळे पडणार, हे अशा रीतीने पहिल्याच निबंधात नोंदले गेले. पण ते प्रयोगशाळेतील एक सोय म्हणून! त्याच वर्षी लंडनमध्येच फ्रेडरिक ग्रिफिथने दाखवले की, मारलेले घातक न्यूमोकॉकस आणि जिवंत निरुपद्रवी न्यूमोकॉकस एकत्र टोचले असता निरुपद्रवी जंतू घातक बनतात. १९४४ साली ॲव्हरी व त्याच्या सहकाऱ्यांनी हा बदल घडवून आणणारे द्रव्य डीएनए असल्याचे सिद्ध केले. जनुकांच्या रसायनशास्त्राचा पाया ज्या गुणधर्मावर घातला गेला, त्याच गुणधर्माने या जंतूला पुढे पेनिसिलिनपासून निसटण्याची वाट दिली. त्याकडे पुढे वळू.

पेनिसिलिनपूर्वी, १९३५ नंतर, सल्फा औषधे आली. त्यांनी मॅस्टॉइडचे प्रमाण उतरवले, पण एक नवा घोरही लावला : ताप व वेदना ओसरत, आत हाड कुजत राही. मग पेनिसिलिन आले; आरंभी केवळ सुईने, आणि १९५० नंतरच्या दशकात पोटातील आम्लात टिकणारे पेनिसिलिन व्ही निघाल्यावर तोंडाने. महाराष्ट्रात पुण्याजवळ पिंपरी येथे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ साली झाली आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले.

याच १९५४ साली स्वीडनमधील गोटेबर्ग येथून रुडबेर्ग याचा प्रबंध प्रसिद्ध झाला. हजाराहून अधिक रुग्णांचे गट पाडून काहींस सल्फा, काहींस निरनिराळ्या प्रकारे पेनिसिलिन, आणि काहींस यांपैकी काहीच न देता त्याने तुलना केली. औषध न दिलेल्या २५४ रुग्णांपैकी ४४ जणांस, म्हणजे १७ टक्क्यांस, मॅस्टॉइडचा शोथ झाला. सल्फाच्या गटात हे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास राहिले आणि पेनिसिलिनच्या गटात असा रुग्ण एकही निघाला नाही. हाडाचे कुजणे हे ज्याचे माप आहे, त्याच्या दृष्टीने येथे वाद संपला. यानंतर औषध न देता एक गट वेगळा ठेवणे अनेकांस अनैतिक वाटू लागले असल्यास नवल नाही.

परंतु मॅस्टॉइड दिसेनासा झाला तसे हे माप निरुपयोगी झाले. जी आपत्ती जवळजवळ कोणासच होत नाही, तिच्यावरून दोन औषधांतील तरतम ठरवता येत नाही. तेव्हा नवे माप शोधणे भाग पडले, आणि ते शोधणारे कोणी विद्यापीठीय पंडित नव्हते. अमेरिकेत अलाबामा राज्यातील हंट्सव्हिल गावी खाजगी व्यवसाय करणारे व्हर्जिल हाउई आणि जॉन प्लूसार्ड या दोन बालरोगतज्ज्ञांनी १९६९ साली एक रीत प्रसिद्ध केली. मुलाचा कर्णपटल टोचून द्रव काढावयाचा, जंतू वाढवून पाहावयाचे. औषध सुरू करावयाचे. काही दिवसांनी पुन्हा टोचून जंतू राहिला की गेला हे पाहावयाचे. वेदना थांबली की नाही हा प्रश्न बाजूला ठेवून, ज्या जागी रोग आहे त्या जागी औषधाने काय केले, एवढेच विचारावयाचे. रीत मुलांस सुखाची नव्हती. तिच्यावाचून मात्र पुढील पन्नास वर्षांचे ज्ञान उभे राहिले नसते.

या रीतीने दोन गोष्टी कळल्या. एक, न्यूमोकॉकस व हीमोफिलस या दोहोंवर चालणारे औषध हवे. १९६१ साली आलेले अँपिसिलिन व १९७२ साली आलेले अमॉक्सिसिलिन यांनी ती गरज काही काळ भागवली. दुसरी गोष्ट अधिक अनपेक्षित होती. परिणामकारक औषध न मिळालेल्या मुलांतही काही दिवसांत जंतू आपण होऊन नाहीसे होत : न्यूमोकॉकस सुमारे एक-पंचमांश मुलांत, हीमोफिलस जवळजवळ निम्म्यांत. १९९२ साली मार्चंट व त्याच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्यांदा टोचून केलेल्या अभ्यासांची छाननी केली. जंतू गेले त्या मुलांपैकी ९३ टक्क्यांस बरे वाटले होते. पण जंतू राहिले त्यांपैकीही ६२ टक्क्यांस बरे वाटले होते! या प्रकारास त्यांनी एका इंग्रजी बालकादंबरीतील, सर्वत्र चांगलेच पाहणाऱ्या पॉलिअॅना नावाच्या मुलीचे नाव दिले. केवळ लक्षणांवरून पाहिले तर वाईट औषधही चांगले दिसते आणि चांगले औषध वाईटापेक्षा फारसे उजवे दिसत नाही, असा त्याचा अर्थ.

वास्तविक ही गोष्ट आपल्या घरांतील वृद्ध स्त्रियांस निराळ्या प्रकारे ठाऊक होती. लसूण घालून कढवलेले तेल कोमट करून कानात सोडले की बहुतेक मुले दुसऱ्या दिवशी खेळू लागत, आणि तेलाची कीर्ती वाढे. बहुतेक कान आपोआप बरे होत असल्यामुळे सुश्रुतकालीन तेलांपासून पेनिसिलिनपर्यंत प्रत्येक उपायाच्या पदरी थोडे अनर्जित श्रेय पडले आहे. फुटलेल्या कानात तेल घालणे धोक्याचे आहे, हे अर्थात येथे वेगळे सांगावयास हवे.

एव्हाना जंतूही बदलत होते. १९६७ साली ऑस्ट्रेलियातून पेनिसिलिनला कमी दाद देणारा न्यूमोकॉकस नोंदला गेला. १९७७ साली दक्षिण आफ्रिकेत दरबान येथे, आणि लवकरच जोहान्सबर्ग येथेही, अनेक औषधांस न जुमानणारे प्रकार आढळले. या जंतूने घशातील आपल्या निरुपद्रवी भाईबंदांच्या डीएनएचे तुकडे उचलून आपली जनुके चित्रखंडांसारखी जोडून घेतली, आणि पेनिसिलिन जेथे चिकटते ती प्रथिनेच बदलून टाकली. ग्रिफिथने उंदरांत पाहिलेली क्रिया ती हीच. हीमोफिलसने दुसरा मार्ग धरला : १९७४ पासून अँपिसिलिनचे विघटन करणारे विकर निर्माण करणारे जंतू सापडू लागले. पहिल्या प्रकारावर औषधाची मात्रा वाढवून मात करता येते. दुसऱ्यावर मात्रेचा उपयोग नाही, विकरास निष्प्रभ करणारे क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल जोडीला द्यावे लागते. दीर्घकाळ निरुपद्रवी मानला गेलेला मोराक्सेला कॅटऱ्हालिस हा तिसरा जंतूही तेच विकर निर्माण करतो. आता प्रत्येक अनावश्यक मात्रेची किंमत पुढील मुलांस मोजावी लागणार, हे स्पष्ट झाले.

या पार्श्वभूमीवर नेदरलंड्समधील टिलबुर्ख येथील कर्णरोगतज्ज्ञ व्हान ब्यूखेम याचे १९८१ चे काम पाहिले पाहिजे. दोन ते बारा वर्षे वयाच्या १७१ मुलांचे २३९ कान. काहींस पडदाछेद, काहींस प्रतिजैविक, काहींस दोन्ही, काहींस दोन्ही नाही. वेदना, ताप, स्राव, श्रवण यांत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. १९८५ साली त्याने ४८६० मुलांस आरंभी केवळ नाकातील थेंब व वेदनाशामक देऊन पाहिले. नव्वद टक्क्यांहून अधिक मुले काही दिवसांत बरी झाली. १२६ मुलांचा विकार तीव्र राहिला. मॅस्टॉइडचा शोथ दोघांस झाला. गोटेबर्गचे १७ टक्के कोठे आणि हे दोन कोठे! या तफावतीचे श्रेय कोणा एकास देता येत नाही. स्ट्रेप्टोकॉकसचा जोर व लोहितज्वराची तीव्रता दरम्यानच्या काळात ओसरली होती. रुडबेर्गचे रुग्ण रुग्णालयात आलेले होते, व्हान ब्यूखेमचे कुटुंबवैद्यांकडे. आणि ज्या वयात हा विकार सर्वांत अधिक होतो ती दोन वर्षांखालील मुले डच अभ्यासात नव्हती. तरीही थांबून पाहण्याचे धोरण नेदरलंड्समध्ये रुजले आणि २००४ साली अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही निवडक मुलांपुरते ते मान्य केले.

वगळलेल्या वयोगटाकडे २०११ साली पिट्सबर्ग येथील होबरमन आणि फिनलंडमधील तुर्कू येथील टॅहटिनेन यांनी लक्ष वळवले. दोघांनीही निदानाच्या कसोट्या कडक ठेवल्या आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटची तुलना निष्क्रिय औषधाशी केली. पिट्सबर्गला उपचार संपेपर्यंत अपयश आले ते औषधाच्या गटात १६ टक्के मुलांत, निष्क्रिय औषधाच्या गटात ५१ टक्क्यांत. तुर्कूला हेच आकडे १८.६ आणि ४४.९. फरक मोठा दिसतो. पण अपयश कशास म्हटले हे पाहिले पाहिजे : मूल हसूखेळू लागले तरी दुर्बिणीतून पाहता कर्णपटलावर शोथाची चिन्हे उरली असतील तर तेही अपयशात धरले गेले. आकडे खोटे आहेत असे मी म्हणत नाही. पिट्सबर्गला निष्क्रिय औषध मिळालेल्या एका मुलास मॅस्टॉइडचा शोथ झाला, आणि त्या मुलाच्या आईबापांस शेकडेवारी सांगून समजावता आले नसते. पण हे माप व्हान ब्यूखेमचे नव्हे, आणि रुडबेर्गचे तर नव्हेच.

मापांविषयीचा हा विचार आपल्याकडे निराळ्या कारणाने महत्त्वाचा ठरतो. थांबून पाहण्याच्या धोरणात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : दोन-तीन दिवसांत मूल बरे झाले नाही तर ते पुन्हा वैद्यास दाखवले जाईल. जेथे दुसरी खेप म्हणजे आणखी एका दिवसाची बुडालेली मजुरी, तेथे ते गृहीत धरता येत नाही. तेथे विकाराचा शेवट बहुधा मृत्यूत होत नाही आणि बरे होण्यातही होत नाही. कान वर्षानुवर्षे वाहत राहतो, त्यात स्यूडोमोनाससारखे सर्वस्वी निराळे जंतू घर करतात, आणि शाळेत शेवटच्या बाकावर बसलेले मूल मंद ठरते. वर सांगितलेल्या चारही अभ्यासांच्या मापांत हे मूल बसत नाही.

लसीची कथाही याच प्रश्नापाशी येते. २००१ साली फिनलंडमध्ये १६६२ बालकांवर झालेल्या परीक्षणात न्यूमोकॉकसच्या सात प्रकारांविरुद्धच्या संयुग्म लसीने त्या सात प्रकारांमुळे होणारा मध्यकर्णशोथ ५७ टक्क्यांनी कमी केला; लसीत नसलेल्या व तिच्याशी संबंध नसलेल्या प्रकारांमुळे होणारा ३३ टक्क्यांनी वाढला; आणि सर्व कारणांनी होणारा मिळून केवळ ६ टक्क्यांनी घटला. तिन्ही आकडे एकाच परीक्षणातील आहेत. भारतात अशी लस सार्वत्रिक लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये ती देशभर देण्यास आरंभ झाला. तिचा जाहीर हेतू बालकांचा न्यूमोनिया व त्यामुळे होणारे मृत्यू टाळणे हा आहे. कानाचा हिशेब त्या उद्दिष्टात धरलेला नाही.